कॅमेऱ्याचा डोळा आणि तिजोरीचे तोंड

(आर्णी येथील श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रस्त्यावर वाहतुकीचा कॅमेरा बसला की समाजात तत्काळ दोन पक्ष तयार होतात. एक पक्ष म्हणतो, आता शिस्त लागेल, माणसे वाचतील. दुसरा म्हणतो, सरकारची तिजोरी रिती झाली म्हणून खांबाखांबावर वसुलीची पेटी टांगली आहे. चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत हा वाद याच दोन वाक्यांत चालतो. गंमत अशी की दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे आणि दोन्ही पक्ष तो अर्धाच सांगतात.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, आपला नव्हे, असे आर्णीकरांनी समजण्याचे कारण नाही. तुळजापूरहून निघून लातूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा असा प्रवास करीत बुटीबोरीला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ याच तालुक्यातून जातो. मराठवाड्याला विदर्भाशी जोडणारी ही मोठी वाट. रात्री खासगी ट्रॅव्हल्स, दिवसा मालवाहू ट्रक, आणि त्यांच्याच शेजारून कापसाची गाडी, वैरणीची बंडी, मोटारसायकलवर तिघे, नवरात्रात माहूरच्या रेणुकामातेला पायी निघालेल्या आयाबहिणी. जगात कोठेही इतक्या निरनिराळ्या वेगांची वाहने एका डांबरी पट्ट्यावर आणली तर जे व्हायचे तेच येथे होते. टाळेबंदीच्या काळात, १९ मे २०२० रोजी, सोलापूरहून नागपूरच्या रेल्वेस्थानकाकडे मजुरांना घेऊन निघालेली बस आर्णी तालुक्यात ट्रकवर आदळली आणि चार जणांचे प्राण गेले. झारखंडसारख्या दूरच्या प्रांतातील घरांकडे निघालेली ती माणसे होती. आर्णीचे नाव त्या घरांत पहिल्यांदा ऐकले गेले ते असे.

आकडे थोडक्यात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्राचा वाटा १५ हजार २२४. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले, शहरांत नव्हे. हेल्मेट नसलेले ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार त्यात होते. पोलिसांच्या नोंदीनुसार ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग. या शेवटच्या आकड्याकडे मात्र थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. अपघातानंतर पंचनामा करणाऱ्या हवालदारापुढे छापील नमुना असतो. त्यात ‘अतिवेग’ हा रकाना सर्वांत सोयीचा. रस्त्याचे वळण चुकीचे होते, दुभाजक अर्धवट होता, रात्री फलक दिसत नव्हता, हे लिहायचे तर पुढे दहा प्रश्न उभे राहतात. मेलेला चालक प्रश्न विचारीत नाही.

तरीही वेग हा शत्रू आहेच. हे पोलिसांच्या रकान्यावरून नव्हे, पदार्थविज्ञानावरून कळते. धावत्या वाहनाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० ने गेले तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण धडकेची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते. १०० ने गेले तर पावणेतीन पट. ताशी ८० च्या वेगातील गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. म्हणजे समोर बंडी दिसली आणि पाय ब्रेककडे जाईपर्यंत दोन-तीन घरांचे अंतर संपलेले असते, ब्रेक अजून लागायचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. वेगावर नजर ठेवणे हे सरकारचे थेर आहे असे म्हणणाऱ्याने हे गणित एकदा सोडवून पाहावे.

वेग मोजणारे यंत्र ज्याच्या नावाशी जोडले गेले, त्याची कथा मोठी मौजेची आहे. हॉलंडचा मॉरिस गॅट्सोनिडेस हा मोटार-शर्यतपटू. १९५३ ची मॉण्टे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते हे मोजून अधिक वेगाने कसे जाता येईल, यासाठी त्याने यंत्र बनविले. पुढे त्याच यंत्राचा उपयोग पोलिसांनी इतरांना हळू चालविण्यासाठी केला. यंत्राला स्वतःचा हेतू नसतो, तो वापरणाऱ्याचा असतो, हे या विषयात सतत लक्षात ठेवावे लागते.

आता मूळ प्रश्न. कॅमेऱ्याने माणसे वाचतात काय?

वाचतात. याविषयी जगभरचा पुरावा बऱ्यापैकी एकाच दिशेचा आहे. वैद्यकीय आणि सामाजिक उपाययोजनांच्या अभ्यासांचा कठोर आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये ३५ अभ्यास तपासले. कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणांतिक आणि गंभीर इजेचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसले. फ्रान्सने २००३ च्या अखेरीस स्वयंचलित कॅमेरे बसवायला सुरुवात केली. २००२ मध्ये सात हजारांच्या वर असलेली मृत्युसंख्या पाच वर्षांत पाच हजारांच्या खाली आली. सगळे श्रेय कॅमेऱ्याचे नव्हे, कायदेही त्याच काळात कडक झाले. पण कॅमेरा त्यात होता.

येथे एक मेख आहे, आणि ती शेतकऱ्याला प्राध्यापकापेक्षा लवकर समजेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाऊन टाकली. समजा त्याच्या पुढच्या वर्षी एखाद्याने नवे औषध फवारले आणि अळी कमी झाली. सगळे श्रेय औषधाला देता येईल काय? अतिशय वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा त्याहून बरेच असते. औषध न मारताही अळी काही प्रमाणात कमी झालीच असती. रस्त्याचेही तसेच. ज्या जागी दोन वर्षांत फार अपघात झाले तेथेच कॅमेरा लावतात. पुढच्या वर्षी अपघात घटतात. त्यातील काही घट कॅमेऱ्याची, काही निव्वळ सरासरीकडे परतण्याची. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल २००५ मध्ये निघाला, तेव्हा त्याच अहवालाच्या परिशिष्टात हा मुद्दा प्रामाणिकपणे मांडलेला होता. वर्तमानपत्रांनी अर्थातच ४२ चा आकडा उचलला आणि परिशिष्ट सोडून दिले. आपल्याकडे जेव्हा एखादा अधिकारी सांगतो की कॅमेऱ्यामुळे अपघात अर्ध्यावर आले, तेव्हा त्याला विचारावे, शेजारच्या बिनकॅमेऱ्याच्या रस्त्यावर किती आले?

ब्रिटनचा दुसरा धडा पैशाचा. २००० पासून तेथे अशी योजना होती की दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च स्थानिक यंत्रणांनी भागवावा. कल्पना सोयीची होती: नियम मोडणाऱ्यानेच नियमपालनाचा खर्च द्यावा. पण लोकांच्या मनात शंका शिरली ती गेली नाही. मग कॅमेरे पिवळ्या रंगाने रंगविले, दुरून दिसतील असे केले, ठरावीक संख्येने अपघात झालेल्या जागीच ते बसतील असे निकष घातले. अखेर २००७ मध्ये दंड आणि खर्च यांची ती गाठच सोडून टाकली. लोकशाहीत लोकांची शंका हीसुद्धा एक वस्तुस्थिती असते आणि शहाणे सरकार तिची दखल घेते. ज्यांनी घेतली नाही त्यांची उदाहरणेही आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात सिग्नलच्या कॅमेऱ्यांचे कंत्राट देताना लाच घेणारा महापालिकेचा अधिकारी २०१६ मध्ये दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस ‘पिवळ्या बंड्यां’च्या आंदोलनात निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले किंवा झाकले गेले. जे यंत्र माणसे वाचविते असे आकडे सांगत होते, तेच यंत्र लोकांनी फोडले. कारण कर वाढविणारे हात आणि कॅमेरा लावणारे हात त्यांना एकच दिसले.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण येथे एक वेगळाच प्रकार घडला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा देशाला अभिमान वाटावा असा रस्ता. त्यावर २०१६ या एका वर्षात १५१ माणसे मेली. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्ह लाइफ फाउंडेशन’ ही संस्था यांनी मिळून एकेक अपघात उकलण्यास आरंभ केला. कोठे कठडा तुटका आहे, कोठे पुलाचा कठीण खांब उघडा आहे, कोठे बंद पडलेला ट्रक मार्गिकेतच उभा राहतो, कोठे रुग्णवाहिका वेळेवर पोहोचत नाही, अशी यादी केली आणि दोष दूर करीत गेले. जोडीला पोलिसांची तपासणी होतीच. २०२३ पर्यंत मृत्यू २०१६ च्या तुलनेत निम्म्याहूनही अधिक घटले. लक्षात घ्या, कमानींवरचे कॅमेरे तोवर सुरूच झाले नव्हते.

ते सुरू झाले जुलै २०२४ मध्ये. यंत्रणा उत्तम आहे. जुना कॅमेरा एका बिंदूवर वेग मोजतो. चालक तेथे ब्रेक दाबतो आणि पुढे जाऊन पुन्हा पाय रोवतो. नवी यंत्रणा दोन कमानींमधील अंतराला लागलेल्या वेळाने भागते. दहा किलोमीटर सहा मिनिटांत कापले तर सरासरी शंभर, पाच मिनिटांत कापले तर एकशेवीस. मध्ये कितीही सोवळेपणा दाखविला तरी गणित चुकत नाही. मार्गिका सोडणे, सीटबेल्ट नसणे, मोबाइल कानाला लावणे, हेही टिपले जाते. पहिल्या साधारण वर्षभरात, म्हणजे जुलै २०२५ च्या मध्यापर्यंत, या यंत्रणेने २७ लाख ७६ हजार चलाने काढली. दिवसाला सरासरी साडेसात हजार. रक्कम झाली सुमारे ४७० कोटी रुपये. आणि वसूल किती झाले? ५१ कोटी.

या दोन आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. शंभर रुपये दंड ठोठावला तर जेमतेम अकरा रुपये हाती आले. ‘तिजोरी भरण्यासाठी कॅमेरे’ हा आरोप येथे लंगडा पडतो, कारण तिजोरी भरलीच नाही. पण म्हणून ‘शिस्तीसाठी कॅमेरे’ हा दावा खरा ठरतो असेही नाही. ज्या दंडातील नऊ दशांश भाग कोणी भरत नाही तो दंड कोणाला रोखणार? चलान हा मोबाइलवर येणारा आणखी एक संदेश होतो. विमा कंपनीच्या आणि कर्ज देणाऱ्यांच्या संदेशांच्या मध्ये पडून राहणारा. लोकअदालत लागेल, तडजोडीत कमी होईल, असा हिशेब करून सुशिक्षित माणूसही स्वस्थ बसतो. जो पहिल्याच दिवशी निमूटपणे भरतो तो मूर्ख ठरतो. कायदा पाळणाऱ्याला मूर्ख ठरविणारी व्यवस्था ही महसूल बुडविणाऱ्या व्यवस्थेपेक्षा अधिक घातक आहे.

लोक भरत का नाहीत? केवळ बेशिस्त हे उत्तर पुरे नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील वाहतूकदारांनी ई-चलानाच्या प्रश्नावर चक्का जाम पुकारला. घाटात रखडणाऱ्या वाहनाला ओलांडण्यासाठी मार्गिका बदलली तरी दंड, एकाच फेरीत अनेक दंड, उभे राहायला वाहनतळ नाही आणि थांबले तरी दंड, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सरकारला समिती नेमावी लागली. त्याच सुमारास राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी आदेश काढला की कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान करू नये. असा आदेश काढावा लागला यातच तक्रारीत तथ्य होते हे आले. सगळे ट्रकवाले साधू आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु दंड झाला त्या क्षणी चालकाला कळत नाही, कोठे झाला ते नीट उमगत नाही, आणि दाद मागायची तर कोठे जायचे हे ठाऊक नसते. शिक्षेचा परिणाम तिच्या रकमेपेक्षा तिच्या निश्चितीवर आणि तत्परतेवर अवलंबून असतो, हे दंडनीतीचे जुने सूत्र आहे. चार महिन्यांनी आलेल्या चलानाने चालकाला वळणाची आठवण होत नाही, फक्त राग येतो.

तालुक्याच्या गावी याला आणखी एक पदर आहे. येथे मोटारसायकल तीन हातांतून फिरलेली असते आणि कागदावर पहिल्याच मालकाचे नाव असते. दंड करतो एक, संदेश जातो दुसऱ्याला. शिवाय नंबरप्लेट ही आपल्याकडे आकडे वाचण्याची वस्तू नसून हौसेची पाटी आहे. ४१४१ चे ‘दादा’ झालेले कोणी पाहिले नाही? यंत्राला ही अक्षरकला कळत नाही. दादा सुटतो आणि वाचनातील चुकीमुळे कोणी निरपराध गृहस्थ सापडतो. ज्याच्या घरी असे भलते चलान येते, त्याचा संपूर्ण यंत्रणेवरचा विश्वास एका दिवसात जातो.

वस्तुतः कायद्याने या बहुतेक दोषांचा विचार केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६-अ हे कलम आले. त्याखाली ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने नियम १६७-अ अधिसूचित केला. तो प्रत्येक वाहनचालकाने वाचावा असा आहे. कॅमेरे कोठे लावावेत? राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरील अधिक धोक्याच्या आणि दाट रहदारीच्या पट्ट्यांत, तसेच मोठ्या शहरांतील महत्त्वाच्या चौकांत. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. येथे कॅमेरा आहे असा ठळक फलक आधी हवा. अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत गेली पाहिजे, पुराव्याच्या छायाचित्रासह, स्थळ-वेळेच्या नोंदीसह. या तरतुदींची अंमलबजावणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यांना बजावले. म्हणजे सापळा लावून पकडणे हा कायद्याचा हेतूच नाही. फलक लावून सांगायचे की येथे माणसे मरतात, हळू जा, आणि तरीही जो गेला त्यालाच दंड करायचा. फलक नसलेल्या उतारावर, निंबाच्या सावलीत, वाहन आडोशाला उभे करून जी स्पीडगन रोखली जाते, तिने दिवसाचे उद्दिष्ट पुरे होत असेल. पुढच्या गावच्या फाट्यावर शाळेतून येणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही.

त्याच कायद्यात, त्याच दुरुस्तीने आलेले दुसरे एक कलम आहे: १९८-अ. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. चालकाच्या कलमाखाली एका रस्त्यावर वर्षात लाखोंनी चलाने निघतात. या कलमाखाली झालेल्या कारवाईच्या बातम्या कितीजणांनी वाचल्या असतील? चालकाकडे बघायला कॅमेरा आहे; अभियंत्याकडे बघायला नाही. कायद्याचा एक डोळा सताड उघडा आणि दुसरा मिटलेला, हे दृश्य जोवर दिसते तोवर ‘वसुली’ हा शब्द लोकांच्या तोंडून जाणार नाही.

समृद्धी महामार्गाने हे सारे अधिक ठसठशीतपणे दाखवून दिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा कोळसा झाला. नागपूर-वर्धा-यवतमाळ याच पट्ट्यातील प्रवासी तिच्यात होते. बस त्या क्षणी काही उधळलेल्या वेगात नव्हती; वेग मर्यादेतच होता आणि चालकाला डुलकी लागली असावी, असे परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासात पुढे आले. सरळसोट, निर्मनुष्य, शेकडो किलोमीटर एकसारखा रस्ता. त्यावर डोळा लागतो. अशा वेळी वेगाचा कॅमेरा काय करणार? तो म्हणेल, गाडी मर्यादेत आहे. चालकाने किती तास सलग स्टिअरिंग धरले आहे हे पाहायला मालकाची वही तपासावी लागते, विसाव्याच्या जागा बांधाव्या लागतात, बसचे संकटकालीन दार उघडते की नाही हे आधी पाहावे लागते. ही कामे कंटाळवाणी असतात. त्यांचे उद्घाटन होत नाही. कॅमेऱ्याचे होते.

केरळचा प्रयोगही येथे नोंदविला पाहिजे. तेथे ५ जून २०२३ पासून ७२६ कॅमेऱ्यांनी दंडाला सुरुवात केली. त्यांतील बहुतेक हेल्मेट आणि सीटबेल्ट पाहणारे. कंत्राटाच्या खर्चावरून मोठा राजकीय वाद झाला आणि प्रकरण न्यायालयातही गेले. पण २०२२ मध्ये ४,३१७ असलेले मृत्यू २०२३ मध्ये ४,०८० झाले, आणि तेही अपघातांची एकूण संख्या वाढलेली असताना. अपघात वाढले तरी मृत्यू कमी झाले, याचा अर्थ डोक्यावर हेल्मेट होते असा लावता येतो. एका वर्षाच्या आकड्यावर इमारत उभारू नये, बोंडअळीचा दाखला येथेही लागू आहे. तरी ज्या जिल्ह्यांत मोटारसायकल हेच कुटुंबाचे वाहन आहे, त्यांच्यासाठी वेगाच्या कॅमेऱ्यापेक्षा हेल्मेट पाहणारा डोळा अधिक उपयोगी ठरू शकतो. यवतमाळ हा तसाच जिल्हा आहे.

स्टॉकहोममध्ये २०१० साली एक हौशी प्रयोग झाला होता. कॅमेऱ्यासमोरून मर्यादेत जाणाऱ्यांची नावे सोडतीत घालायची आणि वेगवानांच्या दंडातून त्यांना बक्षीस द्यायचे. त्या जागी सरासरी वेग ताशी ३२ वरून २५ वर आला. आपल्याकडे सोडत काढावी असे कोणी सुचविणार नाही; तिच्यातही कोणाचा तरी मेहुणा निघेल. पण दंडाचा पैसा लोकांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर परत आला की लोकांचे मन बदलते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

तेव्हा वसुली की सुरक्षा, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या जातीत नाही, त्याच्या जागेत आहे. केंद्राच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, अथवा एकूण दहा मृत्यू झाले, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे अपघातप्रवण स्थळ ठरतो. दहा माणसे मेल्यावर जागेला नाव मिळते, ही व्याख्या ऐकायला निर्दय वाटते. तरी निदान ती मोजता येते. कॅमेरा अशा जागी असेल, फलक आधी असेल, फाट्यावर दिवा असेल, बंडी उतरायला कडेची पट्टी असेल आणि वर्षागणिक चलाने घटत असतील, तर तो कॅमेरा सुरक्षेचा. जेथे मरण नाही पण रहदारी भरपूर आहे, रस्ता रुंद असून मर्यादेचा फलक मात्र उगाच खालचा आहे आणि चलाने दरवर्षी वाढतात याचाच अभिमान सांगितला जातो, तो कॅमेरा पेटी. ‘यंदा विक्रमी दंडवसुली’ अशी पत्रके निघतात तेव्हा खरे तर खेद व्यक्त केला पाहिजे. विक्रमी वसुली म्हणजे विक्रमी अपराध, म्हणजे कॅमेऱ्याचा धाक कोणालाच वाटला नाही.

आर्णी तालुक्यातील नागरिकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी आंदोलन लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. ग्रामसभेचा ठराव त्या समितीकडे पाठविता येतो. ठरावात ‘अपघात वाढले आहेत, उपाय करावा’ असे मोघम न लिहिता फाट्याचे नाव, किलोमीटरचा दगड, अपघाताच्या तारखा लिहाव्यात. मोघम ठरावाला मोघमच उत्तर येते. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करावा: महामार्गाच्या तालुक्यातील भागावर गेल्या तीन वर्षांत कोणत्या दगडापाशी किती मृत्यू झाले, त्यांपैकी कोणती जागा अपघातप्रवण म्हणून जाहीर झाली, तेथे बांधकामाचा कोणता दोष दूर केला, वेगमापन यंत्र कोणत्या ठिकाणी वापरले, त्या यंत्राचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र आहे काय, आणि कलम १९८-अ खाली किती जणांवर कारवाई झाली. पोलिसांसाठी एक अर्ज, महामार्ग प्राधिकरण वा बांधकाम विभागासाठी दुसरा. एकाच अर्जात सगळे विचारले तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस. कापूस वेचणीच्या आधी अर्ज टाकला तर नवरात्रातील पदयात्रा आणि दिवाळीची गर्दी या दोन्हींच्या वेळी निदान एक कागद हातात असेल, आणि कोणत्या फाट्यावर स्वयंसेवकांनी उभे राहायचे ते ठरविता येईल.